हौदा, मीठ आणि ताशी १३० मैल : रोजच्या वापरातील पिकअपची बॉनव्हिलसाठी तयारी

सॉल्टलेककर (धागाकर्ता)

गेल्या सप्टेंबरात आमच्या पिकअपच्या काट्याने ताशी १३१ मैल दाखवले आणि मी हेल्मेटच्या आतल्या आत ओरडलो. पंधरा मिनिटांनी वेळमापकांच्या खिडकीतून हातात पडलेल्या चिठ्ठीवर मात्र १२३.६ लिहिलेले होते. मधले साडेसात मैल कुठे गेले याचा हिशेब मी वर्षभर करतो आहे. यंदा पुन्हा जायचे असल्यामुळे तो हिशेब जाणकारांपुढे ठेवावा, म्हणून हा धागा.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युटा आणि नेवाडा यांच्या सीमेवरील वेंडोव्हर गावाशेजारी बॉनव्हिलचे मिठाचे पठार आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंचीवर असून, एका प्राचीन सरोवराचे पाणी आटल्यावर मागे उरलेला हा पांढरा तळ आहे. १९४९ पासून येथे ऑगस्टमध्ये एससीटीए या संस्थेचा वेगाचा आठवडा भरतो. सप्टेंबरात यूएसएफआरए ही संस्था 'वर्ल्ड ऑफ स्पीड' भरवते आणि त्यात हौशी लोकांसाठी १३० मैलांचा व १५० मैलांचा असे दोन क्लब असतात. विक्रमी वर्गांतील गाड्यांना जेवढी सुरक्षासामग्री लागते तेवढी येथे मागत नाहीत. तुमची नंबर प्लेट लावलेली, रस्त्यावर चालणारी गाडी तपासणीतून पार पडली की पळवता येते. वेग मोजतात तो मैलभराच्या पट्ट्यातील सरासरीने. क्षणभर काटा कुठे पोहोचला याला तेथे काडीची किंमत नाही.

आमची गाडी २००४ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो आहे : दोन दरवाजांची कॅब, आखूड हौदा, ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक खोका आणि ३.४२ गुणोत्तराचे डिफरन्शियल. घर बदलताना सामान वाहायला घेतलेली ही गाडी अजूनही तेच काम करते. कंपनीच्या आकड्यानुसार इंजिन २९५ अश्वशक्तीचे आहे. बॉनव्हिलची उंची आणि दुपारची उष्णता यांमुळे हवा जवळपास १८ टक्के विरळ होते, तेव्हा त्यातून २४० उरतात. गिअरचा खोका आणि डिफरन्शियल आपला वाटा घेतात आणि मागच्या चाकांपर्यंत जेमतेम २०० पोहोचतात.

आता खर्चाची बाजू. पूर्ण आकाराच्या पिकअपचा हवेला सामोरा येणारा भाग सुमारे ३.१ चौरस मीटर आणि रोधगुणांक ०.४५ धरला, तर १३० मैलांवर, म्हणजे ताशी २०९ किलोमीटरवर, हवा फाडायलाच सुमारे १८५ अश्वशक्ती लागते. मीठ डांबरासारखे कडक नसते, चाक त्यात थोडे रुतते. त्याचे आणखी ४५ धरा. मागणी २३० ची आणि पुरवठा २०० चा आहे. लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या जवळपास वाढत जाते, म्हणून ही ३० अश्वशक्तीची तूट वेगात मात्र सहा-सात मैलांचीच दिसते. चिठ्ठीवरचा १२३.६ हा आकडा या गणितात इतका चपखल बसतो की आधी गणित करून गेलो असतो तर पेट्रोल वाचले असते.

इंजिनाला हात न लावता यातील किती तूट भरून काढता येईल, हा माझा प्रश्न आहे. गाडी खाली बसवणे, हौदा झाकणे, पुढच्या बंपरखाली हवा अडवणारी पडदी लावणे आणि हौद्यात वजन टाकणे हे चार उपाय माझ्या यादीत आहेत. आपली मते कळवावीत.

चाकोरी

उत्तम विषय. मी पुण्यात वाहन उद्योगात पस्तीस वर्षे काढली, त्यातील बरीचशी चाचणी विभागात, म्हणून काही शंका विचारतो. एक म्हणजे, या पिकअपना कारखान्यातूनच वेगाची मर्यादा घातलेली असते. ती तुम्ही काढली असणार. पण ती मर्यादा का घातली होती याचा विचार केला का? दुसरे म्हणजे, उंचीमुळे शक्ती घटते हे तुम्ही मांडले, परंतु तीच विरळ हवा गाडीला अडवतेही कमी. दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे छेद देत असावेत असे वाटते.

सॉल्टलेककर

चाकोरीसाहेब, दुसऱ्या मुद्द्याचे गणित मी आपल्या प्रतिसादानंतर करून पाहिले. समुद्रसपाटीवर चाकांपाशी साधारण २४४ अश्वशक्ती मिळाली असती, पण मागणीही २७० झाली असती. म्हणजे तूट ३० ऐवजी २६. मिठाचा रोध हवेच्या घनतेने बदलत नाही, तेवढाच काय तो फरक. उंचीला दोष देणे मी आजपासून सोडले. ज्यांच्या गाडीला टर्बो आहे त्यांना मात्र उंचीचा चक्क फायदा होतो, कारण ते हवा दाबून घेतात आणि रोध मात्र विरळ हवेचाच सोसतात.

मर्यादेबद्दल : आमच्या गाडीत ती ९८ मैलांच्या आसपास होती आणि संगणकातील आज्ञावली बदलून काढली. त्यामागचे पहिले कारण टायर आहेत. पिकअपला सर्रास येणारे टायर एस दर्जाचे, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचे असतात. एच दर्जा २१० चा, म्हणजे १३० मैलांना काठावर पुरणारा. म्हणून मी २४० चा व्ही दर्जा घेतला. तपासणीत टायरवरचे अक्षर आणि निर्मितीची तारीख दोन्ही वाचतात. नवे टायर २८ इंच व्यासाचे असून त्याप्रमाणे स्पीडोमीटर जुळवून घेतला होता, त्यामुळे १३१ चा दोष काट्याला देता येत नाही.

टायरच्या निमित्ताने एक लहान गोष्ट सांगतो, कारण माझा तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. हवा भरायच्या तोंडाला साधे प्लॅस्टिकचे टोपण आणि रबरी नळी असलेली तेथे चालत नाही. नळीही धातूची आणि टोपणही धातूचे लागते. १३० मैलांवर रिमच्या त्या जागी केंद्रोत्सारी बल गुरुत्वाच्या पाचशे पटींहून अधिक असते. म्हणजे आतल्या एक ग्रॅमच्या पिनेचे वजन अर्धा किलो होते आणि ती आपली स्प्रिंग दाबून हवा सोडू शकते. मग त्या वेगात हवा अडवून धरणारे एकच काही उरते, ते म्हणजे बाहेरचे टोपण.

उद्यमनगरी

कोल्हापुरात आमचे वडिलोपार्जित वर्कशॉप आहे, म्हणून सर्वांनी विसरलेल्या एका भागाची आठवण करून देतो : प्रोपेलर शाफ्ट. टायर बदलले, मर्यादा काढली, पण डिफरन्शियलकडे फिरणारा तो लांब नळकांड्यासारखा शाफ्ट मूळचाच आहे ना? तो किती फेऱ्यांवर फिरतो ते पाहा. आमच्याकडे जीपचा शाफ्ट नुसता क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) घासल्यामुळे ऐंशीच्या वेगाला गाडी खिळखिळी करताना मी पाहिला आहे.

वजनाबद्दल माझे मत सोपे आहे. हौद्याच्या अगदी मागे, फाळक्याला (हौद्याच्या मागच्या दाराला) टेकून, वाळूची तीनशे किलोची पोती टाका. स्प्रिंगचे पाटे बसतील, मागची चाके मिठाला चिकटतील. उसाच्या ट्रॅक्टरच्या चाकांत पाणी भरतात ते याचसाठी.

सॉल्टलेककर

उद्यमनगरीराव, शाफ्टबद्दल शंभर टक्के सहमत; तो मुद्दा मी गेल्या वर्षी खरोखरच विसरलो होतो आणि नशिबाने सुटलो. तिसरा गिअर सरळ असल्यामुळे त्यात शाफ्ट इंजिनाइतक्याच फेऱ्या घेतो. ९८ मैलांच्या मर्यादेवर त्या मिनिटाला साधारण ४,००० होतात. १३० मैलांना, मिठावरची घसरण धरून, ५,६५० होतात. असमतोलाचे बल फेऱ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणजे ते दुप्पट झाले. शिवाय प्रत्येक लांब शाफ्टची एक घातक गती असते, जिच्याजवळ तो मधोमध धनुष्यासारखा वाकू लागतो. यंदा शाफ्ट नव्याने समतोल करून घेतला, दोन्ही क्रॉस बदलले आणि पुढच्या टोकाशी पोलादी कडे बसवले आहे. क्रॉस तुटलाच तर शाफ्टचे पुढचे टोक खाली पडून मिठात रुतेल आणि गाडी काठीउडी मारावी तशी उलटेल. ते कडे शाफ्टला वरच अडकवून ठेवते.

पोत्यांच्या बाबतीत मात्र मला आपल्याशी भांडावे लागेल. ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने जातो. येथे वाऱ्याचा प्रश्न आहे. धावत्या गाडीवर बाजूने वारा आला की तो एका बिंदूवर ढकलतो असे समजा. तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर गाडी बाणासारखी स्वतःला सरळ करते. पुढे असेल तर शेपूट पुढे येऊ पाहते. पिकअपची उंच कॅब पुढे आणि हौदा बुटका, म्हणजे वाऱ्याचा बिंदू आधीच पुढे आहे. आपल्याला वाचवते ते पुढे बसलेले जड इंजिन. तीनशे किलो फाळक्याला टेकवले की गुरुत्वमध्य मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू सैल पडते. म्हणून वजन टाकायचे ते कॅबच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे. आणि पोती तर नकोतच. तपासणीत प्रत्येक वजन चासीला बोल्टने आवळलेले लागते. सुटे वजन म्हणजे उलटलेल्या गाडीतला तोफगोळा.

भ्रमर

वाचतो आहे. एक अडाणी प्रश्न : फाळका खाली पाडून चालवले तर हवा आरपार जाणार नाही का? गावाकडे सगळे टेम्पोवाले मायलेज वाढावे म्हणून तसेच करतात.

चाकोरी

भ्रमर, हा समज जगभर आहे आणि पवनबोगद्यातील चाचण्यांनी तो बऱ्याच पिकअपच्या बाबतीत खोटा ठरवला आहे. फाळका बंद असताना कॅबवरून खाली येणारी हवा हौद्यात गोल फिरत राहते. तो भोवरा उशीसारखा काम करतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत फाळक्यापलीकडे जाते. फाळका पाडला की उशी फुटते आणि कॅबच्या पाठीमागे ओढ वाढते. याहून चांगले म्हणजे हौद्यावर ताठ, सपाट झाकण. ताडपत्री नको. ती दोनशे किलोमीटरला आधी फुगते, मग फडफडते आणि शेवटी फाटते.

तळ्याकाठी

नमस्कार. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो आणि मित्राच्या गाडीबरोबर हाताखालचा माणूस म्हणून अकरा हंगाम बॉनव्हिल आणि एल मिराज या दोन्ही ठिकाणी गेलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

झाकणाविषयी चाकोरीसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु एससीटीएच्या विक्रमी वर्गांत उतरायचे असेल तर आधी त्या वर्षीचे नियमपुस्तक उघडा. पिकअपचे अनेक वर्ग आहेत आणि प्रत्येकात काय बदलता येते ते वेगळे आहे. मूळ ठेवणीच्या वर्गात एक पडदी जास्तीची निघाली तरी तुम्ही सुधारित वर्गात ढकलले जाता आणि तेथील विक्रम तुमच्या आवाक्याबाहेरचा असतो. इंजिनाचे वर्ग घनइंचांवर असतात. तुमचे ५.३ लिटर म्हणजे ३२५ घनइंच, ते ३०६ पासून ३७३ च्या आतल्या 'सी' गटात बसते. विक्रमासाठी एक धाव पुरत नाही. विक्रमापेक्षा जास्त वेग काढलात की गाडी पहाऱ्याच्या आवारात जाते, ठरावीक तास दुरुस्तीला मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळावे लागते; दोन धावांची सरासरी विक्रमावर गेली तरच नाव लागते. नवख्याला एकदम वाटेल त्या वेगाने सोडत नाहीत. १२५, १५०, १७५, २०० अशा परवान्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

एल मिराजचा विचार मात्र तुम्ही करू नका. ते मोहावे वाळवंटातील मातीचे कोरडे तळे आहे आणि एकूण पट्टाच सव्वा मैलाच्या थोडा पुढचा. दोन टनांच्या मूळ इंजिनाच्या पिकअपला तेथे वेग पकडेपर्यंत पट्टा संपतो.

आता घसरणीबद्दल. काटा १३१ आणि चिठ्ठी १२३.६, म्हणजे चाकांच्या फिरण्यातले साडेपाच टक्के घसरणीत गेले. मिठावर हे नेहमीचेच आहे, पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या : चाकांपर्यंत पोहोचलेल्या २०० अश्वशक्तीतील ११ तुम्ही मीठ खरवडण्यात घालवल्या. घसरण तीन टक्क्यांवर आणलीत तर पाच परत मिळतील. ड्रॅग रेसवाल्यांची (थोड्या अंतराच्या सरळ शर्यतींची) माणसे मिठावर पहिल्यांदा येतात तेव्हा गाडीतले आसनसुद्धा काढून आणतात आणि आम्ही शिशाच्या विटा भरताना पाहून चक्रावतात. दोन-तीन मैल वेग घ्यायला मिळत असताना हलकेपणाचा उपयोग काय?

सर्वांत महत्त्वाचे पायाविषयी आहे. मैलाचा फलक मागे पडला की आनंदाने अॅक्सिलरेटर झटकन सोडू नका. इंजिन मागच्या चाकांना अडवते, वजन पुढे जाते आणि हलकी झालेली शेपूट बाजूला निघते. आमच्या शेजारच्या तंबूतील एका पिकअपचे माझ्या डोळ्यांदेखत असेच झाले. माणूस सुखरूप बाहेर आला, पण गाडी तीन गिरक्या घेऊन थांबली तेव्हा दोन्ही डाव्या टायरांच्या कडेत मीठ घुसून ते रिमवरून उतरले होते. बसक्या मोटारी मिठावर गिरक्या घेऊन बहुधा उभ्या राहतात. उंच पिकअपची तशी खात्री नाही. पाय तीन-चार सेकंदांत, दूध उतू जाऊ नये म्हणून आच कमी करतो तसा, हळूहळू वर घ्या. पुढे पट्टा भरपूर आहे, ब्रेकला हात लावायची गरजच पडू नये.

सॉल्टलेककर

तळ्याकाठी, अकरा हंगामांचा ऐवज एका प्रतिसादात दिलात, आभार. ११ अश्वशक्तीचा हिशेब वाचून मी वजनाचे गणित पुन्हा मांडले. १५० किलो टाकले तर मिठाचा रोध वाढतो आणि १३० मैलांवर साडेतीन अश्वशक्ती त्यात जाते. घसरण साडेपाचवरून तीन टक्क्यांवर आली तर पाच परत येतात. निव्वळ फायदा दीड अश्वशक्तीचा! कागदावर हे हास्यास्पद आहे. पण दुसरा एक फायदा आकड्यात दिसत नाही. जमिनीवरचा वेग १३० असताना साडेपाच टक्के घसरण धरली तर इंजिन ५,६५० फेऱ्यांवर जाते आणि त्याची कमाल शक्ती ५,२०० वर आहे. घसरण कमी झाली तर इंजिन त्या शिखराच्या जवळ राहील. आणि मीठ ओलसर असेल त्या सकाळी चिकटण्याचा गुणांक ०.५ वरून ०.३ वर आला, तर हौदा रिकामा असताना मागच्या चाकांपाशी सुमारे २,५०० न्यूटन पकड उरते, तर गरज २,७०० च्या आसपास आहे. तेव्हा वजन नसेल तर कितीही अश्वशक्ती असली तरी ती मिठात जाईल. १५० किलो पक्के.

चौथ्या गिअरचा मोह कोणी सुचवण्याआधीच सांगतो : त्याचे गुणोत्तर ०.७० आहे, म्हणजे १३० मैलांना इंजिन ३,७०० ते ४,००० फेऱ्यांवर येईल आणि तेथे लागणारी शक्तीच नाही. गेल्या वर्षी पहिल्या धावेत गिअरच्या खोक्याने आपल्या मर्जीने चौथा टाकला आणि वेग ११७ वर लोंबकळत राहिला. दुसऱ्या धावेपासून मी दांडी तिसऱ्यावर ओढून ठेवली.

आगरातली

मी उरणची. आजोबांचे मिठागर होते, त्यामुळे इंजिनातले फारसे कळत नसले तरी मीठ लोखंडाचे काय करते ते लहानपणापासून पाहिले आहे. आगरातली फावडी आजी रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन खोबरेल फिरवून ठेवायची, तरी दोन हंगामांत ती पातळ व्हायची. सॉल्टलेककरदादा, एवढी मोठी गाडी त्यात नेऊन आणता आणि पुन्हा रोज चालवता, ती टिकते कशी? आणि आमच्याकडे आगरात पाय घातला की घोट्यांपर्यंत मीठ चढते. तिथे काय होते?

सॉल्टलेककर

ताई, खरा शत्रू तुम्ही बरोबर ओळखलात. दुपारी मीठ कोरडे दिसते, पण खाली ओलसर असते आणि चाकांनी उडालेला चिखल मडगार्डच्या पोकळीत मुठीएवढ्या गोळ्यांनी जमतो. गोळा सुकला की सिमेंटसारखा होतो आणि वळताना टायरला घासतो. मीठपाण्यातून वीजही वाहते, म्हणून उघड्या वायरच्या सांध्यात ते गेले की दिवे, पंखे आणि संवेदक आपापल्या मनाने वागू लागतात. जाण्याआधी मी गाडीच्या पोटाला तेलाचा फवारा मारतो आणि वायरच्या प्रत्येक जोडात ग्रीस भरतो. परत येताना वेंडोव्हरमध्येच पहिली धुलाई आणि घरी आल्यावर लॉनचे पाणी शिंपडायचे कारंजे गाडीखाली सरकवून दोन तास चालू ठेवणे, हा माझा नियम आहे. तरी चासीच्या पोकळ दांड्यांत राहतेच. गेल्या नोव्हेंबरात ऑइल बदलताना दांडीच्या भोकात बोट घातले तर पांढरी खपली निघाली. जिभेला लावून पाहिली, खारट.

माणसाचेही तसेच आहे. ऊन खालूनही येते, त्यामुळे हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत आणि अर्ध्या चड्डीच्या आतल्या बाजूने कातडी भाजते. पहिल्या वर्षी आमच्या बायकोने हसू आवरत मला कोरफड लावून दिली होती.

कच्चा_रस्ता

विषय रंजक आहे, पण मग कच्छच्या रणात हे का होत नाही? आणि एवढे करून उत्पादकाची साधी पिकअप कुठवर जाऊ शकते?

तळ्याकाठी

रणातील पांढरा थर बहुतेक ठिकाणी पातळ असून खाली चिखल असतो, आणि तो दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन नव्याने बनतो. सरळ, कडक असे पाच मैल मिळणे कठीण. बॉनव्हिलचीही प्रकृती फार चांगली राहिलेली नाही. पाणी आणि चिखल यांमुळे २०१४, २०१५ आणि २०२२ चा वेगाचा आठवडा रद्द झाला. म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी सुट्टी काढताना दुसरा बेत खिशात ठेवावा.

कुठवर जाऊ शकते म्हणाल, तर २००२ मध्ये गेल बँक्स यांनी डॉज डकोटा पिकअपमध्ये ५.९ लिटरचे कमिन्स डिझेल बसवून बॉनव्हिलवर २१७ मैलांचा विक्रम केला. मला त्यातील वेगापेक्षा दुसरी गोष्ट आवडते : ती पिकअप स्वतःच्या सामानाचा ट्रेलर स्वतः ओढत कॅलिफोर्नियाहून तेथे गेली होती. डिझेलचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे कुठल्याही पिवळ्या खोदयंत्राला ज्या नावाने हाक मारतात त्या जेसीबीनेही २००६ मध्ये याच मिठावर आपल्या दोन इंजिनांच्या लांबुडक्या गाडीतून ३५० मैल गाठले आहेत. पण ती पिकअप नव्हे. खरे तर बॉनव्हिलवर दिसणाऱ्या बहुतेक पिकअप दुसऱ्यांच्या गाड्यांना मागून ढकलून सुरू करून देण्याचे काम करतात, त्यामुळे तुमची पिकअप रांगेत उभी राहिली की लोक विचारतील, "ढकलायची गाडी कुठे आहे?"

सॉल्टलेककर

गेल्या वर्षी दोघांनी खरोखरच विचारले!

सर्वांच्या सूचना जमेस धरून ठरलेले लिहितो. पुढून तीन इंच आणि मागून चार इंच गाडी खाली बसवली आहे. मागे पाटे आसाच्या वरून खाली घेतले. हौद्यावर अॅल्युमिनियमचे सपाट झाकण आणि बंपरखाली रबरी पडदी. गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार १.४ वरून १.२५ वर आला असे धरले, तर हवेची मागणी १८५ वरून १६५ वर येते. इंजिनाला लावलेला यांत्रिक पंखा काढून विजेचा बसवला, सायलेन्सरची नळी मोकळी केली आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण पुन्हा जुळवले. त्यातून दहा अश्वशक्ती मिळाल्या तर २१० च्या मागणीला २१० चा पुरवठा. कॅबमध्ये गाडी उलटली तर वाचवणारा पिंजरा बसवला आहे, कारण तळ्याकाठींच्या शेजाऱ्यांची गोष्ट वाचून घरातून तशी अट आली आणि ती मोडण्याची माझी इच्छाही नाही.

चाकोरी

२१० ला २१०, म्हणजे गंगाजळीत शून्य. पूर्ण अॅक्सिलरेटरवर हे इंजिन सलग किती वेळ राहील? ऑइल आणि गिअरच्या खोक्याचे तापमान कुठे मोजता?

सॉल्टलेककर

सव्वा ते दीड मिनिट, साहेब. रस्त्यावर कोणी हे इंजिन दहा सेकंदांपेक्षा जास्त असे दाबत नाही. खोक्याला वेगळा कूलर आणि दोन्ही ठिकाणी मापके लावली आहेत. गंगाजळी मात्र खरोखरच शून्य आहे, हे मान्य.

उद्यमनगरी

वजन आसाच्या पुढे, हे पटले. पोत्यांचा हट्ट मागे घेतो. पण ते शिसे आवळणार कसे? हौद्याचा पत्रा पातळ असतो.

सॉल्टलेककर

पत्र्यावर नाही. खाली चासीच्या दोन्ही दांड्यांना आडवी नळी वेल्ड केली आहे आणि हौद्यातून अर्ध्या इंचाचे सहा बोल्ट आरपार त्या नळीत. पंचवीस किलोच्या सहा विटा, प्रत्येकीला मधोमध एक भोक. काल रात्री पाचवी वीट ओतली. सहावीसाठी शिसे कमी पडते आहे, म्हणून उद्या टायरवाल्याकडे समतोलाचे जुने तुकडे मागायला जाणार आहे.

आगरातली

बोल्टना ग्रीस लावायला विसरू नका. नाहीतर ऑक्टोबरात ते निघायचे नाहीत.

सॉल्टलेककर

यादीत लिहिले, ताई. खोबरेल चालेल का?

आगरातली

आजीला विचारून सांगते.